उलट्या वाऱ्याची आखाजी

साक्रीपलीकडच्या डोंगरात आंबेदरी आणि सावरदरी ही दोन गावं समोरासमोर होती. मध्ये पूर्वी नदी होती. पुढे धरण झालं आणि नदीचा तलाव झाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही काठांवर बायका जमायच्या आणि एकमेकींना गाण्यांतून शिव्या घालायच्या. ही रीत नदीच्या वेळची. तलाव झाल्यावर फक्त घसे जास्त बसू लागले.

आंबेदरीचं दुखणं एकच होतं. वारा कायम पश्चिमेचा. सावरदरीची इंदिराबाई तिकडून जे बोलायची ते अक्षरन् अक्षर इकडे पोचायचं. इकडून सुंदरबाईनं दिलेली शिवी मात्र वाऱ्यानं परत तिच्याच कानात यायची. तीस वर्षं ती बिचारी स्वतःच्याच शिव्या ऐकत होती.

एकोणनव्वद साली आखाजीला तिची लेक पुष्पा माहेरी आली, आणि मागोमाग जावई अभिमनराव जीपच्या टपावर एक लांबलचक पांढरी फळी बांधून आले. फळीला शीड होतं. अभिमनराव धुळ्यात एका कंपनीत साहेब होते. कंपनीनं त्यांना पंधरा दिवस गोव्याला धाडलं होतं. तिथं ते काय शिकले ते कंपनीला कधी कळलं नाही, पण शिडाच्या फळीवर उभं राहायला शिकले एवढं खरं.

पुष्पाच्या पिशवीत एक पत्र होतं. शिंदखेडा तालुक्यातल्या शाळेत मास्तरीण म्हणून जूनमध्ये हजर व्हायचं होतं. धुळ्याहून रोज एसटीनं जाऊन येता आलं असतं. पण अभिमनराव म्हणायचे, "साहेबाची बायको एसटीत लोंबकळणार? लोक काय म्हणतील?"

जेवताना पुष्पानं पुन्हा विषय काढला. खापरावरची पुरणपोळी, कुरडई, वाटीभर आमरस असं पान होतं. पाटावर बसलेला जावई म्हणजे त्या काळी अर्धा देव. देवाच्या मिशीला रस लागला होता, पण सांगणार कोण?

"बरं," मिशीसकट देव बोलले, "आज तलावाला एक फेरी मारतो. कोरड्या अंगानं याच काठाला परत आलो, तर ते पत्र चुलीत. नाही आलो, तर खुशाल मास्तरीण हो."

"शब्द म्हणजे शब्द, बरं का," सासरे झुलालआबा म्हणाले.

सुंदरबाईच्या हातातली पोळी थबकली. सकाळपासून चुलीचा धूर पश्चिमेला झुकत होता. तिचा सगळा जन्म खळ्यात धान्य उपणण्यात गेला होता. वारा कधी फिरणार हे तिला भुश्यावरून कळायचं. वैशाखात असा धूर तिनं दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा खळं उधळलं होतं. लेकीचं भलं कशात आहे ते तिला दिसत होतं. पण घरचा जावई, सांगणं भाग होतं.

"जवाईबापू, आज वारा उलटा शे. पूर्वेनी खिंडमातून येई. पानीवर नका जावूत."

अभिमनराव हसले. "मामी, वाऱ्याचं शास्त्र असतं. पुस्तक आहे माझ्याकडे. ते सुपातून कळत नाही."

"हां का," सुंदरबाई म्हणाली. "मग आनखी एक पोळी घ्या." आणि तिनं दोन वाढल्या.

दुपारी पट्ट्यापट्ट्याची अर्धी चड्डी घालून अभिमनराव फळीवर चढले तेव्हा सारं गाव काठावर होतं. मध्यापर्यंत झोकात गेले. हातही हलवला. मग खिंडीतून वारा सुटला. शीड असं भरलं की फळी वासरासारखी उधळली. साहेब वळायला गेले आणि पाण्यात पडले. चढले, पुन्हा पडले. चौथ्यांदा पोळ्यांनी त्यांना वर येऊच दिलं नाही. ते फळीला मिठी मारून आडवे झाले आणि थेट सावरदरीला लागले.

तीस वर्षांत पहिल्यांदा आंबेदरीच्या शिव्या पलीकडे पोचल्या होत्या. सोबत जावईही.

त्या काठची एक रीत होती. आखाजीला पलीकडचा पुरुष हाती लागला, की त्याला झोक्यावर बसवायचं, आणि बायको न्यायला आली की तिचं नाव घेऊनच त्यानं उठायचं. झुलालआबांची बैलगाडी तलावाला वळसा घालून पोचली तेव्हा अभिमनराव इंदिराबाईच्या हिरव्या लुगड्यात गुंडाळून झोक्यावर बसले होते आणि बायका झोका देत होत्या.

"ये वं सुंदरबाई!" इंदिराबाई ओरडली. "तुना जवाई ली जाय. निथळी ऱ्हायना!"

पुष्पा कोरडे कपडे घेऊन उतरली. "अहो, पैज?"

"वारा उलटा होता," अभिमनराव म्हणाले. "असली पैज धरत नाहीत."

"कसली पैज वं?" इंदिराबाईनं विचारलं. सुंदरबाईनं सगळं सांगितलं, आणि शेवटी सुपाचंही सांगितलं.

इंदिराबाईनं पुष्पाच्या हातातले कपडे काढून घेतले आणि त्यांच्यावर बसली. "सासू पहिलेच सांगस का वारा उलटा शे, आनि हाऊ म्हनस सूपमातून कयत नई! घे रे बापू नाव. मी सांगस तसं."

अभिमनरावांनी समुद्राच्या लाटांचं काहीतरी सुरू केलं. झोका जोरात गेला. त्यांनी दोरी घट्ट धरली. मग इंदिराबाई एकेक ओळ सांगत गेली आणि साहेब दात वाजवत म्हणत गेले:

"शीड धरलं हाती, वाऱ्यानं केली माती,
पुष्पाबाई जाते शाळेत, मी पुसतो तिची पाटी."

तीन वेळा म्हणवून घेतलं. मग कपडे मिळाले.

जूनमध्ये पुष्पा पहिल्या एसटीनं शिंदखेड्याकडे गेली. लोक काहीही म्हणाले नाहीत. त्यांना पेरणीची घाई होती. बैलगाडीतून आंबेदरीला परत आलेली फळी न्यायला अभिमनराव काही आले नाहीत. सुंदरबाई तिच्यावर कुरडया वाळवू लागली. तेवढी गुळगुळीत जागा सबंध गावात नव्हती.

पुढच्या आखाजीला वारा पुन्हा पश्चिमेचा होता. सुंदरबाई पदर खोचून शिव्या झेलायला काठावर उभी राहिली. पण पलीकडून इंदिराबाईची हाक आली, ती वेगळीच.

"वो सुंदरबाई! आमनी सूनले बी नोकरीनं पत्र उनं शे! पोऱ्या नई म्हनस. तुनी ती फळी धाडी दे वं!"

सुंदरबाई घरी आली आणि फळीवरच्या कुरडया उचलू लागली.