शेवटच्या धारेचं पिंप

भट्टीमालक गुन्नारनं व्हिस्कीचं पिंप उघडायला बोलावलं तेव्हाच मला घाम फुटला. पिंप कुठलं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

स्कॅजिट गावच्या त्या व्हिस्कीच्या भट्टीवर मी नऊ वर्षं धार तोडली. आमच्या सिंगल मॉल्ट व्हिस्कीची सगळी चव त्यावरच. मधली धार पिंपात भरायची, शेवटची बाजूला काढायची. तिला ओल्या कुत्र्यासारखा वास सुटतो. तो आला की तोटी फिरवायची, आणि जो फिरवेल त्यानंच तक्त्यावर सही करायची. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी मी भट्टी सोडून गाडीत फुटबॉलचा सामना ऐकत बसलो. शेजारच्या कोठारात बार्ली भरणाऱ्या मारिसेलाला वास आला. ती धावत आली, तिनं तोटी फिरवली, सही केली. तोवर पाऊण तास घाण धार पिंपात गेली होती.

"मी आले तेव्हा इथं कुणीच नव्हतं," तिनं गुन्नारला सांगितलं.

"कुणी नव्हतं कसं? तिच्यावर सोपवूनच गेलो होतो मी," मी म्हणालो. सही तिची, शब्द माझा, तिच्याहून जुन्या माणसाचा. दुसऱ्या दिवशी तिला काढलं, पिंप कोपऱ्यात ढकललं. आणि मी दुपारी मजेत जेवलो, काय सांगू!

परवाच्या शनिवारी ते पिंप उघडायला तीसेक माणसं जमली होती. मारिसेलाही आली होती, गुन्नारनं खास बोलावलं म्हणून. पेले भरले. धूर, चामडं, काकवी, काय नव्हतं त्या घोटात!

गुन्नार मारिसेलाकडे वळला. "मारिसेला, ज्या चुकीपायी तुला हाकललं, तीच आमची सगळ्यात भारी व्हिस्की निघाली. माफ कर, पोरी."

"चूक माझी नव्हतीच," ती म्हणाली. "तेव्हाही सांगितलं होतं. ऑरिनना विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. माझे कान तापले. "खरंय तिचं. मी बाहेर सामना ऐकत होतो. तिच्यावर काही सोपवलं नव्हतं. खोटं बोललो मी."

गुन्नार खो खो हसत सुटला. "अरे लबाडा! म्हणजे ही तुझी करामत होय? सहा वर्षं पोटात ठेवलीस? चला, बाटलीवर म्हाताऱ्याचं नाव!"

"करामत कसली? पळालो होतो मी! या पोरीची नोकरी खाल्ली!" मी ओरडलो. पण टाळ्यांत ऐकतंय कोण.

मारिसेलानं पेला तसाच खाली ठेवला. माझ्याजवळ येऊन ती म्हणाली, "ती धार चुकीची होती तोवर माझी. आता कौतुकाची झाली, तर तुमची. छान वेळ साधलीत हो."

ती निघून गेली. मी तिच्या मागं जायला वळलो, तर लोक हात मिळवायला आडवे आले. आणि मी निर्लज्ज, एकेकाचा हात हातात घेत राहिलो.