बिनविरोध

इकडच्या गावांत निवडणूक होणं ही तशी कमीपणाचीच गोष्ट. सोसायटी असो, यात्रेची कमिटी असो, नाहीतर ग्रामपंचायत. चार शहाणी माणसं बसतात, एकाला समजावतात, दुसऱ्याला हार घालतात आणि नारळ फोडून जाहीर करतात, बिनविरोध झालं म्हणून. ज्याला समजावलं त्याच्या चहात त्या दिवशी साखर जरा जास्त पडते. त्याच्या मनात काय होतं हे पुढं कुणी विचारत नाही.

कुंभार पिंपळगावच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे श्रीपती मुळे सर या रिवाजाची वर्गात भरपूर टिंगल करायचे. "बिनविरोध म्हणजे काय? तर लोकशाहीला दिलेला बेशुद्धीचा डोस!" पोरं हसायची, सरही हसायचे. मग तास संपायचा, आणि सर जालन्याच्या गाडीत बसून घरी जायचे. चार प्राध्यापकांची मिळून ती एक गाडी. सकाळी नऊला जालन्याहून निघायची, संध्याकाळी दिवेलागणीला परत. कॉलेज निघून इतकी वर्षं झाली, पण त्यातले निम्मे शिक्षक असे अप-डाऊनवालेच.

विद्यापीठांचा नवा कायदा आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मुळे सरांना झाला. जुन्या पद्धतीत वर्गात पहिला आलेला पोरगा आपोआप विद्यार्थी मंडळात जाऊन बसायचा. नवा कायदा म्हणाला, अध्यक्ष विद्यार्थ्यांनीच मतदान करून निवडायचा. प्राचार्यांनी निवडणुकीचं काम मुळे सरांकडेच दिलं. सरांनी सगळ्या शाखांची पोरं पटांगणात बसवली आणि असं काही भाषण ठोकलं की स्वतःच्याच अंगावर काटा आला. शेवटी म्हणाले, "घाबरू नका. हरलात तरी चालेल, पण उभे राहा."

बोलणारा बोलून जातो, ऐकणारा मनावर घेतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या आकांक्षाने मनावर घेतलं.

पोरगी सरांच्या ओळखीची. एनएसएसच्या शिबिरात पहारीने खड्डे खणणारी, भाषणाला उभी राहिली की मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाणारी. तिची मागणी एकच होती: प्रॅक्टिकल सकाळी ठेवा. कारण साधं होतं. तिच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी दुपारी साडेतीनला सुटायची आणि प्रॅक्टिकल संपायचं पाचला. पोरं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून जायची. पोरींनी काय करायचं? त्या अर्धं प्रॅक्टिकल टाकून बसकडे पळायच्या, नाहीतर घरचे म्हणायचे, राहू दे ते शिक्षण.

तिच्या विरोधात उभा होता हरिओम, संस्थेचे अध्यक्ष नाना यांचा पुतण्या. पोरगा वाईट नव्हता. पण पोरी आकांक्षाच्या मागे होत्या, आणि कॉलेजात पोरी जास्त होत्या. हिशोब लावायला कुणी गणिताचा प्राध्यापक नको होता.

स्टाफरूममध्ये मात्र वेगळीच कुजबुज सुरू झाली. प्रॅक्टिकल सकाळी म्हणजे कॉलेजच सकाळी. कॉलेज सकाळी म्हणजे जालन्याची गाडी उजाडायच्या आत काढायची. "मुळे सर, तुमच्या लोकशाहीने आमची झोप खाल्ली हो," असं गाडीतले एक जण म्हणाले. सगळे हसले. सरांनाही हसू आलं. प्रेमलाबाईंना, म्हणजे बायकोला, त्यांनी त्या संध्याकाळी विचारलं, पहाटे डबा होईल का. ती म्हणाली, "होईल की. तुम्ही उठाल का ते बघा."

दोन दिवसांनी नानांनी बोलावलं. चहा आला, बिस्किटं आली.

"सर, तुम्ही शहाणे माणूस. पोरापोरींत मतं मागायची, भांडणं व्हायची, उद्या पेपरात नाव यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बिनविरोध करून टाका."

"कायद्यात मतदान सांगितलंय, नाना."

"कायद्यात माघार घ्यायची मुभा न्हाई का?"

मुभा होती. आणि खरं सांगायचं तर नानांनी एवढा जोर लावायचीही गरज नव्हती. सरांच्या मनात त्या वेळी कायदाही नव्हता आणि नानाही नव्हते; पहाटेची थंडी आणि गाडीचा हॉर्न होता. ते त्यांनी स्वतःलाही कबूल केलं नाही, ही गोष्ट वेगळी. कॉलेजची शांतता टिकली पाहिजे, असं म्हणत ते रविवारी आकांक्षाच्या गावी गेले.

आणि तिथं त्यांनी तीच चूक केली जी इकडचा प्रत्येक शहाणा माणूस करतो. उमेदवाराशी न बोलता ते उमेदवाराच्या बापाशी बोलले.

कचरूभाऊ कापसाच्या रानातून हात धुऊन आले. कॉलेजचे सर स्वतः घरी आले म्हणून त्यांना काय करू नि काय नको असं झालं. आकांक्षाच्या आईने, नंदाबाईंनी, पोह्यांचा घाट घातला. सरांनी विषय काढला तसे कचरूभाऊ म्हणाले, "सर, तुमी म्हणाल तसं. आमाला त्यातलं काय कळतंय? तुमी तिच्या भल्याचंच सांगून राह्यले."

आकांक्षा दारात उभी होती. "पण सर, तुम्हीच तर म्हणल्ते, हरलात तरी चालंल म्हणून."

"म्हणालो होतो बाळा. पण कधीकधी मोठ्या कामासाठी दोन पावलं मागं यावं लागतं. तुला अध्यक्षपद हवंय की प्रॅक्टिकल सकाळी हवंय?"

"प्रॅक्टिकल."

"मग झालं तर! ते मी बघतो."

"बघतो म्हंजे, सर?"

सरांनी ते ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं करून पोह्यांची बशी हातात घेतली. "अगं, सरांना उलटं बोलतेस व्हय?" कचरूभाऊ म्हणाले, आणि विषय संपला. सोमवारी तिने माघारीच्या अर्जावर सही केली. सही करताना तिने मान वर करून पाहिलं नाही.

हरिओमला हार पडला, गुलाल उडाला. नानांनी सरांनाही शाल दिली. गर्दी पांगल्यावर हरिओम हळूच म्हणाला, "सर, मतदान होऊ द्यायचं होतं. पोरं म्हणून राह्यली, काकानं बसवलेला अध्यक्ष." सरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

पंधरवडाही झाला नसेल, तोच वरून पत्रक आलं. विद्यार्थी निवडणुका राज्यभर पुढे ढकलल्या होत्या. कधी होतील ते सरकारलाच माहीत. झालेलं सगळं रद्द. हरिओमचं अध्यक्षपद गेलं, आणि गुलालाचे डाग तेवढे पटांगणाच्या फरशीवर राहिले. मुळे सरांना पत्रक वाचून पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हायसं. आता कुणालाच काही सांगायला नको. हायसं वाटलं म्हणून मग स्वतःची लाज वाटली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

दिलेला शब्द मात्र त्यांच्या लक्षात होता. स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी एकदा तोंड उघडलं. "ते प्रॅक्टिकल सकाळी घेता येतील का, म्हणजे मुलींच्या बसच्या दृष्टीने..."

"म्हणजे गाडी साडेपाचला काढायची, मुळे सर?" पलीकडून कुणीतरी विचारलं. खसखस पिकली. सरही हसले. त्या हसण्याचं त्यांना पुढं फार दिवस वाईट वाटत राहिलं, पण मीटिंगमध्ये ते हसलेच, हे खरं.

दिवाळीनंतर त्या गावच्या पोरी प्रयोगशाळेत दिसेनाशा झाल्या. आधी दोघी, मग बाकीच्या. आकांक्षा सगळ्यात शेवटी गेली. हजेरी कमी भरली म्हणून प्रॅक्टिकलच्या परीक्षेला तिला बसू दिलं नाही, असं सरांना रसायनशास्त्राच्या सरांकडून कळलं. तेही गाडीत, गाण्याचा आवाज कमी करून.

त्या दिवशी परतताना सरांनी गाडी तिच्या गावाकडे वळवायला लावली. "दहा मिनिटं थांबा, आलोच," असं तिघांना सांगून ते फाट्यावर उतरले.

कचरूभाऊंनी सतरंजी टाकली. सर बसले आणि सवयीने त्यांच्याशीच बोलायला लागले. कचरूभाऊ म्हणाले, "सर, या टायमाला तिलाच इचारा. मागच्या टायमाला आमी इचारलं न्हाई, ते बराबर न्हाई झालं." आणि उठून बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

आकांक्षा आली. ओढणीला हात पुसत उभी राहिली.

"कॉलेज सोडलंस?"

"बीएस्सी सोडलं, सर. मुक्त विद्यापीठातून बीए करून राह्यले. त्याला बस लागत न्हाई."

"राज्यशास्त्र घेतलंस?" तोंडातून निघून गेलं.

"न्हाई, सर."

मग सर म्हणाले, "चुकलं माझं. प्रॅक्टिकलचं मी बघतो म्हणालो, आणि बघितलं नाही. पण तू परत ये. पुन्हा प्रवेश घे. निवडणूक पुढच्या वर्षी लागेल, तू उभी राहा. या वेळी कुणी आडवं आलं तर मी आहे."

ती हसली नाही, रागावलीही नाही. समजूत घालावी तसं म्हणाली, "सर, हरले असते ना, तर पुढच्या साली परत उभी राह्यले असते. पण मी हरले कुठं? मी तर माघार घेतली. आता कोणत्या तोंडानं पोरींना म्हणू, या माझ्यामागं?"

लोकशाहीवरची आपली सगळी भाषणं सरांना पाठ होती; त्यात याचं उत्तर कुठंच नव्हतं. माघार तिची नव्हती, आपली होती, हे तरी सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

फाट्यावरून गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा एकदा वाजला, जरा लांबवून.

"जा सर," आकांक्षा म्हणाली, "तुमची गाडी थांबलीय."

आणि मुळे सर उठले.