अनामत

कोरड्या मातीवर दोन पंजे उमटलेले होते. डावा जरा खोल, उजवा वरवरचा, आणि उजव्याची करंगळी किंचित बाहेर वळलेली... दार अर्धं लोटून ती उंबऱ्यातूनच बघत राहिली. खिडकीत ठेवलेल्या त्या पत्र्याच्या ताटाजवळ ती जात नसे. जवळ गेलं की श्वास लागेल, ठशांच्या कडा ढासळतील, असं तिला वाटे. मातीच्या प्रयोगशाळेत केस पिकलेल्या बाईला हे शोभणारं नव्हतं, पण वाटे खरं.

“संध्याकाळी तुझा भाऊ अब्बांचा पलंग न्यायला येतोय,” अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली. “ती माती कुंडीत टाक आणि ताट घासून ठेव.”

“बघते.”

“अब्बा गेल्यापासून बघतेच आहेस.”

ती माती तिनेच आणली होती. शेवटच्या आजारात अब्बांच्या कातडीला पाणी सोसेना, थेंब लागला की चिरायची, आणि वजूशिवाय, हात-तोंड-पाय धुतल्याशिवाय, नमाजाला बसणं त्यांना जमणारं नव्हतं. पाणी चालत नसेल तर स्वच्छ कोरड्या मातीवर हात टेकवायचे, फुंकर मारून धूळ झटकायची, तेच हात चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायचे, की झालं. तयम्मुम. तिने माती वाळवली, कुटली, सवयीने बारीक चाळणीतून चाळली. अब्बांनी चिमूट बोटांत चोळून पाहिली होती.

“एवढी चाळलीस? मी काय तुझ्याकडे तपासायला आलेला नमुना आहे?”

“हो. क्रमांक काय घालू?”

“घाल काहीही. निकाल तुझ्या हातात नाही म्हणजे झालं.”

प्रत्येक वेळी ते ताट हलवून माती पुन्हा सपाट करीत, पुढच्या वेळेसाठी. शेवटचं तेवढं सपाट करायचं राहिलं होतं...

प्रयोगशाळेत दिवसभर ती खलात ढेकळं फोडत होती. कुणाकुणाच्या शेतांतली, बागांतली माती, पिशव्यांत बांधून आलेली. तपासणी झाली की उरलेली मागच्या ढिगावर टाकायची, हा नियमच. आजवर किती टाकली असेल, आणि कधी हात अडखळला नाही. आज मात्र पिशवी उपडी करताना तिच्या मनात आलं, हिच्यावरही कुणी हात टेकवला असेल. कुणी कपाळ टेकवलं असेल. अब्बा म्हणायचे, जगाच्या शेवटच्या दिवशी जमिनीला वाचा फुटेल आणि तिच्या पाठीवर कोण कसं वागलं ते ती सगळं सांगेल. ‘तेव्हा जपून चाल,’ ते म्हणायचे, ‘खाली ऐकणारं माणूस आहे.’

आणि ती अमानत. जमीन, पाणी, झाडं, हे आपलं नाही, आपल्याकडे सांभाळायला दिलंय, असं ते सांगत, तेव्हा शाळकरी तिने त्यांची चूक काढली होती. “अमानत नाही अब्बा, अनामत. वाचनालयात भरतात ती. पुस्तकं नीट परत केली की परत मिळते.” अब्बा हसले ते चहा अंगावर सांडेपर्यंत. पुढे त्यांनी तिचाच शब्द धरला. नळ गळताना दिसला की म्हणत, “बघ, अनामत वाहून चाललीय.” सांभाळायची ही जोखीम आधी डोंगरांना देऊ केली होती म्हणे. डोंगर म्हणाले, नको, आम्हाला झेपायचं नाही. माणूस मात्र ‘हो’ म्हणून बसला.

“म्हणजे डोंगर शहाणे?” तिने विचारलं होतं.

“शहाणेच. म्हणून तर जागचे हलत नाहीत,” अब्बा म्हणाले होते.

परत केली की परत मिळते... अब्बांना तर आम्ही परत केलं. मातीचं मातीला दिलं, रीतसर, मूठमूठ. मग माझं काय परत मिळालं? एक ताट. तेही आज घासून ठेवायचं.

घरी आली तेव्हा पलंगाची गादी गुंडाळलेली होती आणि अम्मी ताटापाशी उभी होती. ती दारातूनच जवळजवळ ओरडली, “अम्मी, हात लावू नकोस. त्यांचे ठसे आहेत.”

अम्मीने वळून पाहिलं.

“त्यांचे नाहीत गं,” ती म्हणाली. “माझे आहेत.”

“तुझे? कधी?”

“ते गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी टेकवले. नमाजासाठी नाही. घरात नळ असताना तयम्मुम होत नाही, एवढं कळतं मला. असंच. त्यांच्या ठशांवर हात ठेवून बघितले. मोडतील हे लक्षातच आलं नाही.” तिने पदराने खिडकीची कड पुसली, जी स्वच्छच होती. “मग रोजच टेकवायला लागले. हलवायचं, सपाट करायचं, टेकवायचे.”

ती आता ताटाजवळ गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. ठसे अरुंद होते; आजाराने हात वाळले म्हणून, असं तिने दुरूनच धरून घेतलं होतं. आणि करंगळी... ती वळलेली करंगळी तिने जन्मभर भाकऱ्या थापताना पाहिली होती. ओळखली नव्हती. उंबऱ्यातून ती अब्बांकडे बघत होती आणि अम्मी रोज तिच्या समोर, त्या मातीत, उमटून राहत होती.

राग यायला हवा होता. तिने वाट पाहिली, आला नाही. अब्बांचा ठसा कुठे गेला नव्हता, सपाट झाला होता, एवढंच. त्याच मातीत. कुठला कण कुणाच्या हाताखालचा, हे चाळून सांगता येणारं नव्हतं, आणि चाळणं सोडून तिला दुसरं येत तरी काय होतं?

“मग टाक म्हणून कशाला मागे लागली होतीस?”

“माझ्या हातून होईना,” अम्मी म्हणाली. “तुझ्या हातून होतंय का बघत होते.”

खाली भावाची गाडी थांबल्याचा आवाज आला. अम्मी दार उघडायला गेली. ती ताटाशी एकटी उरली... हात मोकळे, कोरडे. टेकवावेत असं फार वाटलं, आणि कुणाचं मोडेल ही भीती आता तितकीशी वाटेना. जमीन बोलेल तेव्हा बोलेल. त्या दिवशी ती अब्बांविषयी काय सांगेल हेच तिला आजवर ऐकायचं होतं. आता पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की जमीन अम्मीविषयीही सांगेल, आणि उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या माझ्याविषयीही.

जिन्यावर पावलं वाजली. तिने ताट दोन्ही हातांनी उचललं. वाटलं होतं त्याहून ते जड होतं.