बेहड्याला मिठी

सरजाबाईचा दत्ता शेतकरी, त्यात तिशीला टेकलेला, म्हणजे पोरीवाल्यांत त्याला कुत्रं विचारीना. अशात राणीसावरगावचे व्यंकटराव पोरीला घेऊन स्वतःहून घर-शेत बघायला येतो म्हणाले. सरजाबाईला आभाळ ठेंगणं झालं.

अन् ह्या शहाण्यानं काय करावं? बाळंतपणाला आलेल्या बहिणीच्या लाडवात बिब्ब्याच्या बीतला गर, गोडंबी पाहिजे म्हणून आदल्या दिवशी बांधावरचे बिब्बे काढून फोडत बसला! बिब्ब्याचं तेल तोंडावर उडालं, अन् सकाळी तोंड हे एवढं. गाल पुरीगत टम्म, डोळ्यांच्या जागी नुसत्या चिरा.

"मुडद्या, आजच उतायचा होता का रं बिब्बा?" सरजाबाई कडाडली. तीळ-खोबरं वाटून तोंडाला थापलं, पण सूज अशी तासाभरात उतरते होय? बेहड्याचं झाड म्हणजे बिब्ब्याचा भाऊ; बिब्बा उतला की त्याला मिठी मारून 'आवर बाबा तुझ्या भावाला' म्हणायचं, ही गावची रीत. तिनं त्याला शेतातल्या बेहड्याकडं पिटाळलं. "पाव्हणे जाईस्तोवर तिथंच ऱ्हा!"

पाव्हणे आले. "दत्ता जिंतूरला गेलाय, खताच्या कामाला," सरजाबाईनं ठोकून दिलं. चहा झाला, पोहे झाले. व्यंकटरावांची पोरगी राजेश्री म्हणाली, "शेत तरी बघू की, मावशी."

शेतात तर दत्ता होता. पण नाही कसं म्हणणार? बांधावर पोचतात तो समोर बेहड्याला कवटाळून, तोंडाला पांढरं फासून एक माणूस उभा.

"हे कोण?" व्यंकटराव दचकले.

"गडी हाय आमचा," सरजाबाई बोलून गेली.

राजेश्री सरळ झाडापाशी गेली. "काय करायलाव?"

"बिब्बा उतलाय," झाड न सोडता तो म्हणाला. "घरात बहिणीला लाडू करायलेत. गोडंबी काढताना उडालं." त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण बांगड्यांचा आवाज ओळखीचा होता. "आई, तू हायस व्हय? पाव्हण्यांला चहा दिलास का?"

धरणीनं पोटात घ्यावं असं सरजाबाईला झालं. पोटच्या पोराला गडी म्हणाली होती ती! तिचे डोळे भरून आले.

"माझाच लेक हाय," ती म्हणाली. "हाच दत्ता. लय चुकलं माझं."

व्यंकटराव कपाळाला आठ्या घालून मायलेकांकडं बघू लागले. राजेश्री मात्र ओढणी तोंडाला लावून हसत होती. ती बापाकडं वळली.

"दादा, तो जिंतूरला गेलेला जाऊ द्या. मला हा गडी पसंत हाय."