भाजलेल्या भांगेला फुटलेले कोंब

अंकुरनाथ बाबाला बियाण्याच्या एका तुंब्यामागे काय सुटत होतं, याचा हिशोब मी दुकानात बसल्या बसल्या मांडला होता. एक बरणी तूप, एक जाडंभरडं पांघरूण, आणि यजमान भाबडा असेल तर शेळी. त्याचा खर्च म्हणाल तर ओंजळभर पाणी आणि तोंडाची वाफ. असा धंदा मला साधला असता, तर मी बसथांब्यावर चहा आणि आलूचे गुटके, म्हणजे मसाल्यात परतलेले बटाटे, कशाला विकले असते?

त्या वर्षी आमच्या सौंखेत या पहाडी गावात जो तो आढ्यावरचे तुंबे खाली उतरवत होता. मधे कितीतरी वर्षं सरकारी माणसं येऊन भांगेचं पीक छाटून जायची, म्हणून लोकांनी पेरणंच सोडलं होतं. आता दोरासाठी ती लावायचे परवाने मिळू लागले, आणि सगळ्यांना आज्या-पणज्यांची ती उंच, सरळसोट भांग आठवली. तिची साल एका ओढीत बुडापासून शेंड्यापर्यंत निघायची. बाजारच्या बियाण्याचं नुसतं झुडूप होतं. चटणीला बरं, दोराला कुचकामी.

जुनं बी घरोघर होतं. वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून चुलीवर टांगलेलं. मका तिथेच, मिरच्या तिथेच, मग भांगेनंच काय घोडं मारलं होतं? धुरानं कीड लागत नाही, हे खरं. पण तेलकट बी वर्षानुवर्षं शेकत राहिलं की त्याचं काय होतं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. पेरलं, आणि शेतं टकली राहिली.

तेव्हा बाबा अवतरला.

देवळाच्या आवारात पाय ठेवायला जागा नसायची. धुनीशेजारी बाबा, त्याच्या पुढ्यात डमरूच्या आकाराचं तांब्याचं भांडं. “बी मरत नसतं, बेटा! बी रुसतं!” तो गर्जायचा. “तुम्ही त्याला विसरलात. नवरा वर्षभर माहेराहून न्यायला आला नाही, तर बायको रुसणार की नाही?”

“रुसणार!” लोक म्हणायचे. बायका जरा जास्तच जोरात.

ओल्या लोकरीवर मूठभर बी, वर मंत्राचं पाणी, तोंडावर लाल फडकं. उरलेलं बी धुनीत. त्यात म्हणे रुसवा साठलेला असतो, तो जळालाच पाहिजे. भांडं दोन रात्री धुनीच्या उबेला. तिसऱ्या सकाळी बाबा ते डोक्याभोवती गरगरा फिरवून खाली ठेवायचा, फडकं सोडायचा, आणि लोकरीवर पांढरेशुभ्र कोंब! आमचे प्रधान, म्हणजे गावचे सरपंच, हयातदा यांनी तर आईच्या हातचा तुंबा पहिल्याच दिवशी दिला. कोंब बघून भर आवारात रडले.

बचुली आमा, सगळ्या गावाची आजी, आपला तुंबा, तुपाची बरणी आणि शेळी घेऊन निघाली, ती वाटेत माझ्याकडे टेकली. त्या दुधाळ शेळीवर तिचं घर चाललं होतं.

“आमा, शेळी देऊन चहा कशाचा पिशील?” मी विचारलं.

“काळा पिईन. तुझ्याकडे दुधाचा तरी कुठे मिळतो, बिशनी?” ती म्हणाली. मग तुंब्यावरून हात फिरवत राहिली. “सासूची भांग आहे ही. हिच्या दोरानं जन्मभर गवताचे भारे बांधले. म्हाताऱ्याची तिरडीसुद्धा हिच्याच दोरानं. डोळे मिटायच्या आत एकदा उभी बघायचीय.”

बाकावर शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, हंसा पांगती, चहा पीत होत्या. “आमा, कोंब नाही आले तर?”

“तर नशीब माझं.”

“पण बी तर तोवर धुनीत गेलेलं असेल. यातलं थोडं जिवंत असलं, तर तेही गेलं.”

आमानं तुंबा छातीशी धरला. बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “एवढी वर्षं थांबलीस, तीन दिवस आणखी थांब. आधी दुसरा तुंबा देऊन बघू. तो उगवला, तर तुझा मी स्वतः डोक्यावरून नेईन.” मग माझ्याकडे वळल्या. “दीदी, चटणीसाठी भाजलेली भांग आहे?”

आहे म्हणजे? भांगेच्या चटणीशिवाय आलूचे गुटके कोण खाईल! नशा पानात असते, बी निव्वळ चवीचं. जिरं भाजलेल्या तव्यावरच ते खमंग परतलेलं होतं. माझ्या चुलीवरचा तुंबा उतरवून आम्ही त्यात भरलं. आमानं तो पदराखाली घेतला आणि आपला तुंबा माझ्याकडे ठेवून, शेळी माझ्या खांबाला बांधून, नुसतं तूप घेऊन गेली.

तिसऱ्या सकाळी भांडं फिरलं, फडकं सुटलं. कोंब! टरारून आलेले, लुसलुशीत.

“जय हो!”

बाई पुढे झाल्या. “मंडळी, हे बी बिशनीदीदीच्या तव्यावर भाजलेलं होतं. चटणीचं.”

बाबाचा चेहरा धुनीतल्या राखेसारखा झाला. मी मनात म्हटलं, संपलं. पण आमच्या गावाला मी अजून पुरती ओळखत नव्हते. हयातदांनी दोन्ही हात वर केले.

“म्हणजे भाजलेलं बीसुद्धा उगवलं! अरे, हा तर महाचमत्कार!”

“जय हो! जय हो!” पहिल्यापेक्षा दुप्पट. बाबाचा रंग परत आला. “आम्हाला ठाऊक होतं,” तो डोळे मिटून म्हणाला. “आम्ही परीक्षा देत होतो. अग्नीतून गेलेलंही आम्ही परत आणतो.”

“आणतोस ना?” बचुली आमा काठी टेकत पुढे आली. “मग एक काम कर, बाबा. परवा नातवाच्या नामकरणाला या हयातनं बोकड भाजला. माझ्याकडूनच नेला होता, गुणी होता बिचारा. तेवढा परत आण.”

कुणीतरी फिसकन हसलं.

“आमा, त्याची हाडं कुत्र्यानं नेली,” हयातदा चाचरत म्हणाले.

“मग कुत्रा घेऊन येते!”

मग मात्र आवार फुटलं. बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. पुराव्यानं जे झालं नाही, ते त्या मेलेल्या बोकडानं केलं. बाबाचा चेला हळूच भांडं उचलायला गेला, तर बाईंनी त्यावर हात ठेवला.

“खालच्या बाजूलाही लाल फडकं का बांधलंय?”

“ती बैठक आहे. आसन!”

“आसनाला गाठ कशाला?” म्हणत आमानं ती ओढली.

भांडं दुतोंडी होतं. खालच्या तोंडातून ओली लोकर बदकन पडली आणि तिच्यासोबत माझं बी. आवारभर चटणीचा वास सुटला. एक जिऱ्याचा दाणाही निघाला. दुसऱ्या तोंडात बाजारचं ताजं बी आधीच भिजत घातलेलं असायचं. डोक्याभोवती फिरवताना भांडं उलटं व्हायचं, एवढाच काय तो मंत्र. गिऱ्हाइकाचं बी नंतर गुपचूप धुनीत.

दुपारच्या बसनं बाबा गेला. तूप, पांघरुणं आणि शेळ्या ज्याच्या त्याला मिळाल्या. भांडं शाळेत राहिलं.

आमाच्या तुंब्यातलं बी बाईंनी कोमट पाण्यात भिजवलं, टरफल किंचित घासलं, ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवलं. बहुतेक कुजलं. मात्र मूठभर बियांनी कोंब धरला. ती भांग पावसाळ्यानंतर आमाच्या डोक्यावर दोन हात उंच झाली, आणि तिचं नवं बी आता सावलीत वाळवून, घट्ट झाकणाच्या बरणीत, खालच्या गार गोठ्यात असतं. चुलीवर फक्त मका आणि मिरच्या.

हयातदांच्या शेतात बाबाचे कोंब वाढले. झुडपं झाली. एके दिवशी ते आमाच्या दारात रिकामा तुंबा घेऊन उभे राहिले.

“आमा, चिमूटभर दे. माझ्या आईचं सगळं जळलं.”

“बोकड आणलास?” आमानं विचारलं, आणि ओंजळ भरून बी दिलं.

आता शेवटचा हिशोब. बाबाला एका बसच्या तिकिटाची तोशीस. गावाचं तूप परत आलं, पांघरुणं आली. जे धुनीत गेलं ते मात्र कुठल्याच बसनं परत येणार नाही, आणि त्यात किती जिवंत होतं हे आता कुणालाच कळणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी अद्भुत काही दाखवलं, तर जय हो जरूर म्हणा. फक्त त्याआधी भांडं उलटं करून बघा. आमच्याकडे ते बघायला उशीर झाला, आणि त्याची किंमत हयातदांच्या आईनं भरली. ती जाऊन वीस वर्षं झाली होती.