नाणं पाण्यात पडलंच नाही

मित्रांनो, आधी एक गैरसमज काढून टाका. माझं छप्पर तुम्ही भिजू नये म्हणून नाही, मी भिजू नये म्हणून आहे! मी एक जुना लाकडी पूल आहे. न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावापलीकडच्या एका ओढ्यावर शंभरहून जास्त वर्षं उभा आहे.

टोटारा नावाच्या झाडाच्या तुळयांचा माझा सांगाडा. सुतारांनी त्या तिरप्या जोडून त्रिकोण बांधले, बोल्ट आवळले, वर पत्रा घातला आणि बाहेरून फळ्या ठोकल्या. "लाकूड कोरडं ठेवा, नातवंडंही चालतील यावरून," असं म्हातारा मुकादम म्हणाला होता. लोकरीच्या गाड्या, मेंढरं, दुधाचे कॅन, सगळं मी वाहिलं. मग शेजारी सिमेंटचा पूल झाला आणि माझ्याकडे कोणी ढुंकून बघेना. पुढे काही हौशी मंडळींनी मी नीटनेटका दिसावा म्हणून आतूनही फळ्या ठोकल्या. कौतुक झालं खरं, पण आतल्या आणि बाहेरच्या फळ्यांच्या मधे काय साचतंय, ते कोणालाच दिसेना.

गेल्या वर्षी नोटीस लागली: तळची तुळई कुजली आहे, पुढच्या महिन्यात पूल पाडणार. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो.

त्याच आठवड्यात आशालताबाई आल्या. सांगलीहून लेकीकडे, दमयंतीकडे, राहायला आलेल्या. सोबत यजमान शिवाजीराव. त्यांची उभी हयात लाकडाच्या वखारीत गेलेली. नदी ओलांडताना पाण्यात नाणं टाकायची बाईंची सवय. त्यांनी आतल्या फळ्यांच्या फटीतून नाणं टाकलं, हात जोडले आणि कान देऊन उभ्या राहिल्या.

"अहो, डुबुक झालंच नाही!"

"आई, चल ना," दमयंती म्हणाली. "इथे असं टाकत नाहीत, हीप्स ऑफ रूल्स, ढीगभर नियम आहेत."

"नदीचं नाणं मधेच अडकलंय आणि मी चालू लागू? मुळीच नाही."

शिवाजीरावांनी आतली एक सैल फळी सरकवून हात घातला. नाण्याआधी लागला ओला पाला, चिखल, पाखरांची जुनी घरटी. कोपरापर्यंत हात बरबटला. त्यांनी तुळई पुसली, किल्लीने खरवडली आणि ते हसले.

"वरवर मऊ आहे गं. आत बघ, कसं टणक! बिचाऱ्याला ओल्या घोंगडीत गुंडाळून ठेवलंय. दमयंती, काउन्सिलला फोन लाव."

"बाबा, माझं कोण ऐकणार?"

"लाव तर खरं!"

तिने लावला. हेल्मेट घातलेल्या एक इंजिनिअर बाई आल्या. आतल्या फळ्या निघाल्या, पाला निघाला, त्यात आशालताबाईंचं नाणंही सापडलं, तुळईला ठिकठिकाणी बारीक भोकं पाडून तपासणी झाली. शेवटी त्या म्हणाल्या, "स्वीट ॲज!", म्हणजे एकदम झकास, आणि त्यांनी नोटीस काढून घडी घालून खिशात ठेवली. मला रडूच आलं असतं, पण ओल मला सोसत नाही.

सांगलीला परतण्याआधी आशालताबाई पुन्हा आल्या. तेच नाणं त्यांनी पदराने पुसलं, मोकळ्या त्रिकोणात हात घालून बाहेरच्या फळ्यांच्या फटीतून टाकलं. डुबुक! त्यांनी माझ्या तुळईवर हात ठेवला.

"पुढच्या खेपेला असशील ना रे?"

मित्रांनो, मला रंगरंगोटी नको. वर्षातून एकदा कोणीतरी बाह्या सरसावून माझा पाला काढा, एवढंच. बाईंना उत्तर द्यायचं राहिलंय माझं.