रिकामे पत्ते

"सुटे मोजू नकोस, गठ्ठे मोज," किरकिऱ्या तिला म्हणाला होता.

दिसेल त्यात खोट काढायची सवय, म्हणून ऑफिसात सगळे त्याला किरकिऱ्याच म्हणत. पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून ती पर्स आवरत होती.

"अरे, अर्ध्याहून जास्त पत्ते रिकामे पडलेत. कशाला जिवाला घोर लावून घेतोस?"

"रिकामे आहेत, मोकळे नाहीत. उद्या नवीन मशिन आलं तर त्याला काय देशील?"

"तुझं डोकं देईन. पुढच्या महिन्यात बघू रे."

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात त्यांच्या कंपनीचं बटण असायचं. ते दाबलं की हाक कंपनीच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मशिनांवर, यायची. तिथे त्या हाकेपुरता एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे कंटेनर, उभा राहायचा आणि मदतीच्या माणसाला जोडून द्यायचा. प्रत्येक कंटेनरला नेटवर्कवरचा स्वतःचा आयपी पत्ता लागे; त्याशिवाय तो कामाला लागत नसे. पत्त्यांचा साठा, म्हणजे पूल, तिनेच आखला होता. त्यातून एकेका मशिनला अख्खा गठ्ठा मिळे, आणि एकाचा उरलेला पत्ता दुसऱ्याने घ्यायचा नाही, हा नियमही तिचाच. थिएटरात रुमाल टाकून रांगाच्या रांगा अडवाव्यात, तशी गत: खुर्च्या रिकाम्या, माणसं उभी.

असा पूल ताणून मोठा करता येत नाही. शेजारी नवा आखावा लागतो. बाळाला दात येत होते, तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. ते काम मागे पडलं ते पडलंच.

आई गेल्यावर बाबा एकटेच राहत. बटण तिनेच त्यांच्या गळ्यात अडकवलं होतं.

"गाईच्या गळ्यात घंटा बांधलीस की गं!" बाबा हसले होते.

"असू दे. माझ्या जिवाला तेवढाच आधार."

आधार झाला खरा. रोजचा फोन आठवड्यावर गेला. कधी मनाला टोचलंच, तर बटण आहे ना, असं ती स्वतःला समजावी.

उन्हाची लाट आली तशा हाका वाढल्या. क्लस्टरने आपणहून नवी मशिनं जोडून घेतली, पण त्यांना द्यायला गठ्ठाच उरला नव्हता. जुन्या मशिनांवरचं सगळं सुरळीत, म्हणून भिंतीवरचा देखरेखीचा फलक हिरवागार.

"अगं, नव्या मशिनांवरचे सगळे कंटेनर खोळंबलेत!" किरकिऱ्या धावत आला. "एकालाही पत्ता नाही!"

तिने पूल उघडून पाहिला. अर्ध्याहून जास्त रिकामे. तिने शेजारी नवा, मोठा पूल आखला. एकेक कंटेनर जागा झाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"वाचलो," साहेब म्हणाले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबांच्या शेजारच्या मावशी होत्या.

"अगं, बाबा सकाळपासून दिसले नाहीत. दार आतून बंद आहे. हाका मारून घसा बसला माझा."

"झोपले असतील हो मावशी. त्यांच्या गळ्यात बटण आहे. काही झालं असतं तर त्यांनी दाबलं अस..."

फोन कानाशी तसाच धरून ती जिन्याकडे धावली.

दार फोडावं लागलं. बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी कुशीवर पडले होते. अंगाखालची फरशी गार होती, आणि तेही. मुठीत बटण होतं. त्यावरून अंगठा सोडवताना डॉक्टरांना जोर लावावा लागला.

तिला कुणी बोल लावला नाही. किरकिऱ्या आला, कोपऱ्यात बसून राहिला, पाणी न पिताच निघून गेला. कंपनीने 'तांत्रिक अडचण' म्हटलं. नवरा म्हणाला, "तुला काय ठाऊक होतं?" ठाऊक होतं. तेच तर तिला कुणाला सांगता येईना. बाळ मांडीवर खिदळलं तरी तिची नजर भिंतीवर.

आता भेटेल त्याला ती एकच विनवणी करते, आणि तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. तुमचं कुणी एकटं राहत असेल, तर हे वाचायचं ठेवा बाजूला आणि जा. गळ्यात बटण असो, उशाशी फोन असो, त्यावर विसंबू नका. दार वाजवा. आतून आवाज येईपर्यंत वाजवा.